क्रिएटिनिन वाढलं म्हणून गोळी बंद: सोलापुरातल्या एका यंत्रमाग कामगाराचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५४. पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. पाळी बारा तासांची, मजुरी नगावर. माग थांबला की पैसे थांबले. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. बायको विड्या वळते, मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब सहा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड नेमाने चालू. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन मात्र ‘डोकं जड झालं की’.

गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा बाजार, उठला त्या सुमारास, फेब्रुवारीत, ते आले ते रक्तदाबासाठी नव्हेच. पाळी सुटताना चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला होता आणि लघवीला फेस येत होता. तोंडात मावा, जिना चढून आलेले, तशातच सिस्टरने रक्तदाबाचा पट्टा बांधला: १८८/१०४. मावा थुंकून चूळ भरायला लावली, खुर्चीत पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मग दोन्ही हातांवर मोजून, जास्त आला त्या हातावर तीनदा. सरासरी १६८/९६. वीस पॉइंट मावा आणि जिन्याचे होते. आमच्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात या पाच मिनिटांना कुणी विचारत नाही, पण पुढे ज्या आकड्यांवर औषधं ठरतात ते आकडे याच पाच मिनिटांत मिळतात.

तपासण्या: क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, १.५ मिलिग्रॅम; त्यावरून वय-लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी दर मिनिटाला किती गाळते याचा अंदाज, ५५. पोटॅशियम ४.४. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतं ते सांगणारा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा आकडा, ज्याला आम्ही एसीआर म्हणतो, तो ८६०. हा ३०च्या आत असावा लागतो. ३००च्या वर गेला की किडनीची गाळणी चांगलीच गळते आहे असं समजायचं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकाराने ठीक, दहा सेंटीमीटरच्या आसपास. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर मधुमेहाच्या खुणा पाहिल्या. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं: मधुमेहाने दुखावलेली किडनी आणि तिच्या मानेवर बसलेला रक्तदाब.

या सगळ्या तपासण्यांत क्रिएटिनिन सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात उशिरा बोलणारं. एसीआर वर्षानुवर्षं आधी ओरडत असतो. नऊ वर्षं मधुमेह असलेल्या या माणसाची लघवी त्या अर्थाने कुणी तपासलीच नव्हती. साखर दर दोन महिन्यांनी तपासली गेली होती.

औषध टेल्मिसार्टन ४०, रोज एक. या गटातली, म्हणजे अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचं काम अडवणारी, औषधं अशाच रुग्णांवर पारखली गेली आहेत. २००१ साली दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एक लोसार्टनची, एक इर्बेसार्टनची, दोन्ही मधुमेहाने किडनी बिघडलेल्या रुग्णांवर. लोसार्टनच्या चाचणीत १५१३ रुग्ण होते आणि किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी उतरला. नुसता रक्तदाब उतरवून जेवढा फायदा मिळाला असता त्याहून हा जास्त होता. अ‍ॅम्लोडिपिनही रोजची केली, डोकं जड असो वा नसो. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा करा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

लाल अक्षरातला आकडा

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.८ आलं. पोटॅशियम ४.९. लॅबच्या कागदावर १.८च्या शेजारी लाल अक्षरात ‘जास्त’ असा शेरा. तो कागद आमच्याकडे यायच्या आधी घरात फिरला, मग गल्लीत. औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या पुतण्याने सांगितलं की ही गोळी किडनीला लागली. आणखी एका ठिकाणी दाखवलं, तिथेही ‘बंद करा’ असंच उत्तर मिळालं. गोळी बंद झाली.

मार्चमध्ये नवरा-बायको आले तेव्हा हातात नवा रिपोर्ट होता. क्रिएटिनिन १.५. बायकोने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘सर, गोळी बंद केली की रिपोर्ट चांगला आला की ओ. मग ती गोळी कशाला?’’

हा प्रश्न या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तो अडाणीपणातून आलेला नाही. तिने प्रयोगच केला होता: गोळी दिली, आकडा चढला, काढली, उतरला. कारण आणि परिणाम इतके लख्ख दिसत असताना ‘डॉक्टर सांगतात म्हणून घ्या’ हे उत्तर पुरत नाही. त्यात त्या दिवशी रक्तदाब १७२/९८ होता आणि एसीआर ९१०, पण या दोन आकड्यांशेजारी लाल अक्षर नव्हतं.

किडनीत गाळणीचे बारीक बारीक गुच्छ असतात. प्रत्येक गुच्छात रक्त एका बारीक नळीतून येतं आणि दुसऱ्या बारीक नळीतून बाहेर जातं. अँजिओटेन्सिन नावाचा संप्रेरक बाहेर जाणारी नळी आवळून धरतो. त्यामुळे गुच्छातला दाब वाढतो आणि गाळणी जोरात चालते. टेल्मिसार्टन ती आवळ सैल करते. गुच्छातला दाब उतरतो, अल्ब्युमिन गळायचं कमी होतं आणि दर मिनिटाला गाळलं जाणारं रक्तही थोडं कमी होतं. म्हणून क्रिएटिनिन चढतं. गाळणीला इजा झालेली नसते, तिच्यावरचा ताण उतरलेला असतो. बोस्टनच्या बॅरी ब्रेनर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर हेच दाखवलं होतं: किडनीचा बराच भाग काढून टाकला की उरलेले गुच्छ जास्तीच्या दाबाखाली जास्तीचं काम करतात, काही काळ सगळं आलबेल दिसतं आणि मग तेच गुच्छ एकेक करून वण होऊन बंद पडतात.

एवढं सांगून मी त्यांना विचारलं, माग ठरल्यापेक्षा जास्त स्पीडला लावला तर काय होतं? ते लगेच म्हणाले, ‘‘आठवडाभर नग जास्त निघतात. मग जॉबरला बोलवायला लागतं.’’ जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. पुढचं समजावायची गरज पडली नाही. बायकोला ते कळायला थोडा वेळ लागला, कारण तिचा संशय गोळीवर कमी आणि आमच्यावर जास्त होता. तो तिचा हक्क आहे.

मग प्रश्न उरतो, चढ किती चालेल? इथे शिकागोच्या जॉर्ज बॅक्रिस यांचं काम उपयोगी पडतं. रक्तदाब आणि किडनी या एकाच वाटेवर त्यांनी सगळी कारकीर्द घालवली. २००० साली त्यांनी मॅथ्यू वेअर यांच्याबरोबर बारा चाचण्यांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष असा की या गटाची सख्खी भावंडं, म्हणजे अँजिओटेन्सिन तयारच होऊ न देणारी औषधं, सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढून तिथेच थांबलं, तर ते औषध थांबवण्याचं कारण होत नाही. उलट अशा रुग्णांची किडनी पुढे जास्त टिकते. आमच्या रुग्णाचं १.५ वरून १.८ म्हणजे वीस टक्के. मर्यादेच्या बरंच आत.

आता तीस टक्के म्हणजे लक्ष्मणरेषा आहे असंही कुणी समजू नये. २०१७ साली ब्रिटनमध्ये सव्वा लाखाच्या आसपास रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की चढ तीसच्या आत असला तरी जितका जास्त तितका पुढचा धोका जास्त. पण तो नोंदींचा अभ्यास होता. ज्यांचं क्रिएटिनिन चढतं ते मुळातच जास्त आजारी असतात, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. औषध थांबवून फायदा होतो का, हे चिठ्ठ्या टाकून तपासणारी चाचणी २०२२ साली आली. ईजीएफआर ३०च्या खाली गेलेले ४११ रुग्ण, अर्ध्यांची गोळी बंद, अर्ध्यांची चालू. तीन वर्षांनी दोन्ही गटांत किडनीच्या कामात फरक नाही. म्हणजे इतकी थकलेली किडनी असतानाही गोळी बंद करून काही हाती लागलं नाही. माझ्या दृष्टीने तीस टक्के हा आकडा एवढंच सांगतो: याच्या आत असाल तर पोटॅशियम पाहा आणि पुढे चला, याच्या बाहेर गेलात तर थांबा आणि कारण शोधा.

मार्चमध्ये टेल्मिसार्टन पुन्हा सुरू. पायावरची सूज आणि रक्तदाब दोन्हींसाठी लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन साडेबारा मिलिग्रॅम जोडली. एप्रिलच्या शेवटी रक्तदाब १३२/८०, क्रिएटिनिन १.८, पोटॅशियम ४.८, एसीआर ३९०. चपलेचा पट्टा रुतत नव्हता. प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर हे लिहायचं कारणही उरलं नसतं.

मे महिना

सोलापूरचा मे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पारा ४३च्या पुढे, वर पत्रा, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने सूत सुकतं आणि तुटतं. अशा शेडमध्ये बारा तास उभं राहायचं. पाणी प्यावं तर लघवीला जावं लागतं, आणि मागाजवळून हललं की नग कमी. कामगार पाणी मोजून पितात.

महिन्याच्या मध्यावर गुडघा आणि कंबर धरली. औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी आली, चिठ्ठीशिवाय, दिवसातून दोनदा. मग नात्यातलं एक लग्न, जेवण, आणि दुसऱ्या दिवसापासून जुलाब. जुलाबातही त्यांनी आमच्या सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या, कारण मागच्या वेळी गोळी बंद केल्यावर बोलणी खाल्ली होती.

तिसऱ्या दिवशी मुलाने रिक्षातून आणलं. जीभ कोरडी, रक्तदाब ९४/६०, उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी. क्रिएटिनिन ३.१. पोटॅशियम ६.१, आणि कार्डिओग्राममध्ये टी लाटा उंच, टोकदार. पोटॅशियमचा हा आकडा हृदयाचा ठोका चुकवू शकतो, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त: शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि ग्लुकोज, बरोबर सलाइन. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन आणि अर्थातच डायक्लोफेनॅक बंद. ग्लिमेपिराइडही थांबवली, कारण किडनी मंदावली की तिचा असर लांबतो आणि साखर खाली कोसळू शकते.

घरच्यांच्या चेहऱ्यावर ‘आम्ही सांगत होतो’ स्पष्ट दिसत होतं. १.८ वरून ३.१ म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त चढ. आता गोळीला दोषी धरायचं का?

टेल्मिसार्टन मार्चपासून चालू होती आणि एप्रिलअखेर क्रिएटिनिन जागच्या जागी होतं. नवीन काय घडलं होतं ते पाहायला हवं होतं. डायक्लोफेनॅक आणि तिच्या भाऊबंद वेदनाशामक गोळ्या किडनीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवणारी यंत्रणा बंद पाडतात. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी नळी आधीच सैल केलेली असते. क्लोरथॅलिडोन आणि जुलाब मिळून अंगातलं पाणी काढून घेतात. येणारं कमी, जाणारं मोकळं, मुळात रक्ताचा साठाच आटलेला. गुच्छात दाब उरणार कुठून? हे त्रिकूट किडनीच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. ब्रिटनमधल्या नोंदींवरचा २०१३ सालचा एक अभ्यास सांगतो की तिन्ही औषधं एकत्र आल्यावर किडनीला अचानक इजा होण्याचा धोका पहिल्या ३० दिवसांत सर्वांत जास्त असतो. रुग्णाच्या हातात मात्र या तीन गोष्टी तीन वेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांची बेरीज कुणीच करत नाही.

पोटॅशियमचं गणित तरीही पुरतं जुळत नव्हतं. क्रिएटिनिन ३.१ला ६.१ म्हणजे जरा जास्तच. जेवणाबद्दल विचारलं: ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाचटणी, लोणचं आम्ही सांगितल्यापासून बंद. ‘‘मीठ पण बदललं आम्ही,’’ मुलगा म्हणाला. वडिलांचा रक्तदाब म्हणून त्याने कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, साध्यापेक्षा महाग. पुडा घरून मागवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक: सोडियम क्लोराइडबरोबर पोटॅशियम क्लोराइड. किडनी धड असलेल्या माणसाला या मिठाचा फायदाच होतो. २०२१ साली चीनमधल्या खेड्यांत झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने पक्षाघात कमी झाले. पण टेल्मिसार्टन घेणाऱ्या, किडनी अर्धी झालेल्या माणसाच्या ताटात ते पोटॅशियमची गोळीच होऊन बसतं. पोराने काळजीने केलं होतं, आणि कुणालाही तेच सुचलं असतं. (सैंधवाचा प्रश्न हमखास येतो म्हणून: सैंधव हे जवळजवळ सगळं सोडियमच. त्याने रक्तदाबाला सवलत मिळत नाही.)

आणखी एक शक्यता तपासणं भाग होतं. किडनीकडे जाणाऱ्या दोन्ही रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर या गटाच्या गोळीने क्रिएटिनिन झपाट्याने चढतं. या शंकेची मुळं १९३४ सालात आहेत. तेव्हा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या रोहिणीला चांदीचा चिमटा लावून ती हळूहळू आवळली, आणि रक्तदाब चढला. शवविच्छेदनात त्यांना उच्च रक्तदाबाच्या माणसांच्या किडनीतल्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद दिसायच्या. सगळे म्हणायचे रक्तदाबाने त्या तशा होतात; गोल्डब्लाटना वाटलं, उलटं तर नसेल? किडनीच्या नसा तोडल्या तरी रक्तदाब चढतच राहिला, म्हणजे निरोप नसांतून जात नव्हता, रक्तातून जात होता. असा एक पदार्थ स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बेर्गमन यांना सशाच्या किडनीत १८९८ सालीच सापडला होता, रेनिन. जवळजवळ चार दशकं त्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नव्हतं. रेनिनपासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि त्याचंच काम टेल्मिसार्टन अडवते. पूर्व भागातल्या एका घरात ज्या गोळीवरून भांडण झालं, तिची वाट त्या चिमट्यापासून निघते. आमच्या रुग्णाचा डॉप्लर केला; दोन्ही रोहिण्यांत प्रवाह व्यवस्थित होता. चिमटा नव्हता.

सलाइनने लघवी सुटली, पोटॅशियम दुसऱ्या दिवशी ५.२वर आलं. डायलिसिस लागलं नाही. घरी जाताना क्रिएटिनिन २.३ होतं आणि जूनमध्ये १.९वर येऊन थांबलं.

पुन्हा तीच गोळी

जूनमध्ये टेल्मिसार्टन परत सुरू केली, आधी २०, मग ४०. अशा आजारपणातून उठलेल्या रुग्णाला ही गोळी कायमची बंद करून टाकण्याची पद्धत सगळीकडे दिसते. कागदावर कुणी ‘चालत नाही’ असं लिहितं आणि पुढचे डॉक्टर ते पाहून हात लावत नाहीत. मला ते पटत नाही. लघवीतून अल्ब्युमिन पुन्हा ७००च्या घरात गेलं होतं आणि त्यावर दुसरं इतकं पारखलेलं औषध आमच्या हाताशी नव्हतं. क्लोरथॅलिडोन मात्र उन्हाळ्यात या माणसाला देणार नाही; त्या शेडमध्ये तर नाहीच. घरी गेल्यावर पुन्हा सुरू केलेली मेटफॉर्मिन निम्म्या मात्रेवर आणली.

यावेळी चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, मराठीत, आणि मुलाने त्याखाली तेलुगूत: उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन खाणं-पिणं बंद झालं, तर या-या गोळ्या त्या दिवशी थांबवायच्या, खाणं-पिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा सुरू, तिसऱ्या दिवशीही बरं नसेल तर दवाखाना. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक आणि वर चोळायचं मलम. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, अॅसिक्लोफेनॅक ही नावं कागदावर वेगळी लिहून खाली रेघ मारली, कारण दुकानात कुणी ‘डायक्लोफेनॅक द्या’ म्हणत नाही, ‘अंगदुखीची द्या’ म्हणतं. पुतण्यालाही एकदा बोलावून घेतलं. तो आता चांगला मित्र झाला आहे आणि त्याच्या काउंटरवरून किती किडन्या वाचतील याचा हिशेब आमच्या कुठल्याही शिबिरापेक्षा मोठा असेल.

रक्तदाब कुठवर उतरवायचा यावर आमच्यात वाद झाला. २०१५ सालच्या ९३६१ रुग्णांच्या स्प्रिंट चाचणीनंतर वरचा आकडा १२०च्या खाली ठेवा असं म्हणणारे बरेच झाले, आणि २०२१ सालच्या किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तसंच सुचवतात. पण स्प्रिंटमध्ये मधुमेहाचे रुग्ण घेतलेच नव्हते, आणि तिथलं मोजमाप शांत बसवून, यंत्रावर, नियमाने केलेलं होतं. आमचा माणूस मधुमेही, चाळीसच्या पुढच्या उकाड्यात बारा तास उभा, एकदा ९४वर येऊन अंधारी आलेला. मी १३०च्या आत यावर थांबलो. माझ्या सहकाऱ्याला अजून हे पटलेलं नाही.

ऑगस्टमध्ये मधुमेहाची गोळी डॅपाग्लिफ्लोझिन जोडली. भारतात तिचं पेटंट संपल्यापासून ती नगावर मजुरी असलेल्या घरालाही झेपते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४३०४ रुग्णांच्या चाचणीत किडनी वेगाने घसरणं, निकामी होणं किंवा किडनी-हृदयाने मृत्यू, या सगळ्यांचा मिळून धोका ३९ टक्क्यांनी उतरला होता. ही गोळीही सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढवते. ते यावेळी सुरू करण्याआधीच बायकोला सांगितलं. रिपोर्ट आणला तेव्हा २.० होतं, शेजारी लाल ‘जास्त’. तिने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘हे तुम्ही बोलला होता ते ना?’’ मग लघवीचा रिपोर्ट पुढे सरकवला. एसीआर २४०.

सध्या रक्तदाब १२८/७८, ईजीएफआर ३९, पोटॅशियम ५.१. बॅक्रिस यांच्याच नेतृत्वाखाली पारखलेली फिनेरेनोन हे पुढचं औषध ठरू शकलं असतं, पण तीही पोटॅशियम वाढवते आणि ५.१वर ती सुरू करता येत नाही. शिवाय तिचा महिन्याचा खर्च या घराला परवडणारा नाही. डोळ्यांच्या पडद्याला लेझर लागेल का, ते दिवाळीनंतर ठरेल. मावा सुटलेला नाही. शेडच्या मालकाने दोन पंखे आणि पाण्याचा जार लावला आहे, तो आमच्या सांगण्यावरून की दुसऱ्या एका कामगाराला चक्कर आली म्हणून, ते कळलं नाही. मार्च उजाडायच्या आत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि एसीआर पुन्हा करायचे आणि उन्हाळ्यासाठी गोळ्यांची मात्रा आधीच ठरवून ठेवायची, एवढं त्यांच्या फाइलवर लिहिलेलं आहे.